पालिकेची मागणी, सरकारची मंजुरी

ज्या संस्थेचा जन्मच दुसऱ्या सभागृहाने मंजूर केलेल्या कायद्यातून झालेला असतो, तिला आपल्या अधिकाराची चौकट तसूभर जरी वाढवून घ्यायची झाली तरी पुन्हा त्याच सभागृहाच्या दाराशी जावे लागते, ही गोष्ट नगरपालिकांच्या बाबतीत इतकी गृहीत धरली गेली आहे, की पालिकांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तिच्याकडे बहुधा ओझरतेच पाहिले. तलाव कोणत्या साली बांधला, मंडई कोणी उभारली, प्लेगच्या साथीनंतर कोणत्या वस्त्या पाडल्या, याचे तपशील आपल्याला सविस्तर वाचावयास मिळतात. परंतु शहराच्या प्रतिनिधींनी सरकारपाशी केव्हा कोणता कायदा मागितला, अनेक गाऱ्हाण्यांतून नेमके तेच गाऱ्हाणे अग्रभागी का आणले, आणि त्या मागणीच्या मोबदल्यात शहराला काय पत्करावे लागले, हा वृत्तान्त इतिवृत्तांच्या आणि खलित्यांच्या दप्तरांतच बहुतांशी राहून गेला. मुंबईपुरता तो उलगडून पाहिला, तर माझ्या मते एक गोष्ट ठळकपणे दिसते: या शहराच्या मागण्यांचा अग्रक्रम तत्त्वचर्चेने क्वचितच ठरला. तो बहुतेक वेळा तिजोरीने ठरवला, आणि तत्त्वाचा आधार त्याला मागाहून, कुशल वकिलांच्या हातून मिळाला. एवढ्याने ते तत्त्व खोटे ठरत नाही, हेही लगोलग सांगितले पाहिजे.

इंग्लंडात हा व्यवहार निराळ्या शिस्तीने चालत असे. १८८९ साली लंडन काउंटी कौन्सिल अस्तित्वात आले तेव्हा नगरसंस्थांनी आपले खासगी विधेयक स्वतःच पार्लमेंटपुढे न्यावे ही तेथली वहिवाट चांगली मुरलेली होती. आणि अशा विधेयकांचे अर्ज ठरावीक मुदतीत दाखल व्हावेत असा दंडक असल्यामुळे, संस्थेच्या निरनिराळ्या समित्यांच्या गरजा त्यापूर्वीच गोळा कराव्यात, पार्लमेंटविषयक समितीने त्यांची छाननी करावी आणि टिकतील त्यांची मोट बांधून 'सर्वसाधारण अधिकारांचे' एक विधेयक सिद्ध करावे, असा क्रम त्या कौन्सिलात जवळजवळ वार्षिक होऊन बसला. कर्जउभारणीच्या परवानगीसाठी अर्थविषयक विधेयक वेगळे जाई. मागण्यांना असे कालपत्रक लाभले, की त्यांच्यात आपसूक चढाओढ लागते. या वर्षी ट्रामगाड्यांचे पाहावे की पुलांचे, हा प्रश्न लांबणीवर टाकता येत नाही, आणि ज्याला आपली मागणी पुढे रेटायची असेल त्याला आधी आपल्याच सहकाऱ्यांची खात्री पटवून द्यावी लागते. मुंबईच्या पालिकेला हा मार्ग कधीच मोकळा नव्हता. विधेयक मांडण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता. होता तो अर्ज करण्याचा.

आणि अर्ज करणारी संस्था म्हणूनही ती फार जुनी नव्हे. १७९३ च्या सनदी कायद्याने शहराची झाडलोट, रस्त्यांची दुरुस्ती, रात्रीचा पहारा आणि या साऱ्यांसाठी पट्टी बसविणे हे काम जस्टिस ऑफ द पीस म्हणून सरकारने नेमलेल्या मंडळींकडे सोपविले. नाना शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ त्या मंडळींत यावयास १८३४ च्या सुमाराचा काळ उजाडावा लागला. १८४५ मध्ये एक कॉन्झर्व्हन्सी बोर्ड स्थापन झाले, १८५८ मध्ये ते मोडून तीन कमिशनरांचे मंडळ नेमले गेले, आणि गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध केले तेव्हा शहराचा कारभार याच त्रिकुटाच्या हाती होता. या साऱ्या घडामोडींत शहराने काही मागितले आणि सरकारने ते दिले, असे म्हणता येत नाही. सरकारला एक व्यवस्था गैरसोयीची वाटली की दुसरी येई. अर्ज लिहिण्याची विद्या मुंबईकरांनी पालिकेबाहेर आत्मसात केली. १८५२ साली निघालेल्या बॉम्बे असोसिएशनने कंपनीच्या राज्यकारभाराविषयी थेट पार्लमेंटकडे अर्ज धाडला, त्यात नळ, गटार, पट्टी असल्या क्षुल्लक विषयांना स्थान नव्हते. पण वस्तुस्थिती आकड्यांनी मांडावी, कायद्याचे कलम दाखवावे, राजनिष्ठेची ग्वाही द्यावी आणि मग आपले मागणे निःसंदिग्ध शब्दांत लिहावे, ही घडण तेथे बसली, आणि पुढे पन्नाससाठ वर्षे मुंबईच्या सार्वजनिक जीवनात ती टिकून राहिली.

खऱ्या अर्थाने पहिली मागणी उद्भवली ती १८७१ मध्ये, आणि तिचे निमित्त होते उधळपट्टीचे. १८६५ च्या कायद्याने जस्टिस मंडळींना एक विधिसंस्थापित समूह बनवले होते, परंतु अंमलबजावणीचा सारा अधिकार सरकारनियुक्त म्युनिसिपल कमिशनरच्या हाती एकवटला होता. त्या जागेवर आलेले आर्थर क्रॉफर्ड हे इतके धडाडीचे गृहस्थ, की शहराची मंडई, रस्ते आणि आरोग्यव्यवस्था यांवर त्यांच्या कारकिर्दीची छाप अजूनही दाखवता येते, आणि खर्चाच्या बाबतीत इतके मुक्तहस्त, की कापसाच्या तेजीचा फुगा १८६५ सालीच फुटलेला असताना पट्टीचा भार सोसणारे घरमालक त्यांच्या नावाने बोटे मोडू लागले. मंजूर रकमेबाहेर खर्च होत होता, तिजोरीत खडखडाट होता, आणि ज्यांनी हिशेब विचारावयाचा ते जस्टिस हयातभरासाठी नेमलेले असल्याने त्यांनी तो विचारला नाही तरी त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते.

जेम्स फोर्ब्ज यांनी जस्टिसांच्या सभेत सुधारणेचा प्रस्ताव आणला. कमिशनरचे अधिकार काढून ते एका नगरमंडळाकडे द्यावेत असा त्या पक्षाचा रोख होता, आणि 'लोकांचे कैवारी' म्हणून ज्यांचा लौकिक होता ते नौरोजी फर्दुनजी करदात्यांच्या चळवळीत अग्रभागी होते. लोकमत एका बाजूला इतके झुकले असताना फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सव्वीस वर्षांच्या एका बॅरिस्टराने निबंध वाचला, आणि श्रोत्यांचा रोष ओढवून घेतला. फिरोजशहा मेहतांचे प्रतिपादन थोडक्यात असे होते: क्रॉफर्ड खर्चिक असतील, पण दोष एका माणसाच्या हाती कारभार असण्यात नाही, ज्या मंडळाने त्याच्यावर नजर ठेवायची ते मंडळच कोणाला जबाबदार नाही, यात आहे. कारभार एकाकडून काढून दहाजणांत वाटल्याने जबाबदारी वाढत नाही, ती विरून जाते. तेव्हा कमिशनर समर्थ असू द्या, मात्र त्याच्यावरचे मंडळ करदात्यांनी निवडलेले असू द्या. सभेला हे मुळीच रुचले नाही. क्रॉफर्डचा धिक्कार ऐकावयास जमलेल्या लोकांना निवडणुकीची मीमांसा ऐकावी लागली, हे त्यांच्या रागाचे एक कारण असावे.

परंतु १८७२ चा तिसरा कायदा पाहिला, म्हणजे सभेत हरलेला युक्तिवाद मसुद्यात कितपत टिकला हे कळते. चौसष्ट सभासदांची पालिका झाली. त्यांपैकी बत्तीस करदात्यांनी निवडावयाचे, सोळा जस्टिसांनी आणि सोळा सरकारने नेमावयाचे. हिशेबावर देखरेख करण्यासाठी बारा जणांचे टाउन कौन्सिल आले. कमिशनर सरकारनियुक्तच राहिला आणि त्याचा अंमलबजावणीचा अधिकार शाबूत राहिला. शहराने मागितले होते ते पैशाच्या उधळपट्टीला आळा घालणे; मिळाली ती निम्म्या जागांची निवडणूक. मागणाऱ्याला जे हवे असते आणि जे मागून मिळते, त्यांत असे अंतर पडते ते पुष्कळदा त्याच्या हिताचेच ठरते. मुंबईच्या पालिकेच्या इतिहासात तरी याहून लाभदायक अपघात मला दुसरा दिसत नाही.

यानंतरची पंधरा वर्षे पालिकेने स्वतःचा कायदा वापरून पाहण्यात घालविली, आणि वापरता वापरता तो कोठे टोचतो हेही तिला कळून आले. १८ मे १८८२ चा लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध झाला. १८८४ च्या डिसेंबरात त्यांच्याच हस्ते बोरीबंदरासमोरील पालिकेच्या इमारतीचा कोनशिलासमारंभ झाला. आणि पालिकेच्या सभासदांत कायद्याच्या फेररचनेची चर्चा रंगात आली. १८८७ साली सरकारने विधेयक आणले तेव्हा त्याचा रोख पालिकेला अपेक्षित होता त्याच्या उलट निघाला. पालिका ही अनेक अधिकाऱ्यांपैकी एक अधिकारी ठरावी, आणि कमिशनर तिच्या बरोबरीने स्वतंत्र उभा राहावा, अशी त्याची ठेवण होती. त्या वेळी एक सुदैवी योगायोग असा, की गव्हर्नरांच्या कायदेकौन्सिलात काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि फिरोजशहा मेहता हे दोघेही होते, आणि दोघेही पालिकेचे मुरलेले सभासद होते. विधेयक निवडसमितीकडे गेले. तेथे तेलंगांची रेखीव कायदेपटुता आणि मेहतांचा आग्रह, यांचा असा संयोग झाला, की शेवटी १८८८ चा तिसरा कायदा म्हणून जे बाहेर पडले त्याच्या चौसष्टाव्या कलमात, या कायद्यात अन्यथा स्पष्टपणे सांगितले नसेल तेथे शहराचा नागरी कारभार पालिकेच्या ठायी निहित राहील, असे तत्त्व कोरले गेले. अंमलबजावणीचा अधिकार कमिशनरकडे, पण राज्य पालिकेचे. सभासदसंख्या बहात्तर झाली. छत्तीस करदात्यांचे, सोळा जस्टिसांचे, सोळा सरकारचे, दोन विद्यापीठाचे आणि दोन चेंबर ऑफ कॉमर्सचे. टाउन कौन्सिलची स्थायी समिती झाली.

हा कायदा, असंख्य दुरुस्त्यांनी भरलेला का होईना, आजही मुंबईला लागू आहे. म्हणून त्याच्या जन्मकथेतील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी वाटते. मागणीचा मजकूर पालिकेत तयार व्हावा आणि ती मागणी मांडणाऱ्यांनीच दुसऱ्या सभागृहात बसून तिला कायद्याचे शब्द द्यावेत, हे १८८८ मध्ये घडले ते व्यक्तींच्या योगाने; त्याची व्यवस्था कोठेच नव्हती. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांसारखे गृहस्थही दोन्ही सभागृहांत वावरले होते, पण तेथे त्यांना बसविले होते सरकारने. १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टाने ही उणीव अंशतः भरून काढली. त्या कायद्याखालच्या नियमांनी मुंबई पालिकेला गव्हर्नरांच्या कायदेकौन्सिलासाठी एका सभासदाची शिफारस करण्याचा हक्क मिळाला, आणि १८९३ मध्ये पालिकेने अर्थातच फिरोजशहांना पाठविले. 'निवडणूक' हा शब्द सरकारने त्या नियमांत कटाक्षाने टाळला होता. शिफारस झाली की नेमणूक करावयाची, असा तो सोज्ज्वळ बहाणा होता. काही असो, शहराला आपले मागणे मांडण्यासाठी अर्जाव्यतिरिक्त आता एक हक्काचा माणूस मिळाला.

त्या माणसाला कोणत्या कामावर धाडावयाचे, हे मात्र पुन्हा तिजोरीनेच ठरविले. शहराच्या पोलिसांचा खर्च हे पालिकेचे जुने दुखणे. पोलीस कमिशनर सरकारचा, त्याच्या हुकमतीतील शिपाई सरकारचे, त्यांची संख्या आणि वेतन ठरविणार सरकार, आणि त्यांच्या खर्चाचा मोठा हिस्सा मात्र घरपट्टी, पाणीपट्टी, हलालखोर पट्टी भरणाऱ्या मुंबईकरांनी पालिकेमार्फत द्यावयाचा, ही व्यवस्था सरकारच्या दृष्टीने जितकी सोयीची होती तितकीच पालिकेच्या दृष्टीने संतापजनक होती. ज्या खर्चावर ताबा नाही त्याचा बोजा का उचलावा, हा प्रश्न वर्षानुवर्षे सभांत निघाला, ठरावांत लिहिला गेला आणि सरकारच्या नकारांसह परत आला. सरकारचे म्हणणे असे, की इलाख्याची राजधानी म्हणून मुंबईला जे वैभव लाभले, त्याचा बंदोबस्त तिनेच पत्करावा. यावर पालिकेचे उत्तर असे, की मुंबईचे वैभव इलाख्यालाही लाभते, आणि बंदोबस्त हे राज्यकर्त्याचे पहिले कर्तव्य आहे; ते भाड्याने द्यावयाचे नसते. अंदाजपत्रकात या एका बाबीपायी इतर बाबींना कात्री लागे, म्हणून प्रतिवर्षी अंदाजपत्रकाच्या दिवसांत हीच मागणी वर येई. कोणी ठरवून दिलेले कालपत्रक नसले, तरी पैशाचा हिशेब ज्या दिवसांत होतो तेच दिवस मागण्यांचे असतात, हे मुंबईला लंडनकडून शिकावे लागले नाही.

१९०७ च्या कायद्याने तंटा मिटला, पण तो कसा मिटला ते पाहण्यासारखे आहे. पोलिसांचा खर्च सरकारने आपल्याकडे घेतला. त्याऐवजी शहरातील प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय मदत आणि देवी टोचणे हे विषय पालिकेने आपल्याकडे घेतले. बाहेरून पाहता हा अत्यंत न्याय्य वाटणारा तह होता. ज्याचा अधिकार त्याचा खर्च, हे पालिकेचे सूत्र सरकारने मान्य केले आणि त्याच सूत्राने पालिकेच्या हाती नवे अधिकार दिले. तरीही मला वाटते, की सौद्यात सरकारचे गणित अधिक पक्के होते. पोलिसांच्या खर्चाला एक मर्यादा असते. शाळा आणि दवाखाने यांच्या खर्चाला शहर वाढत जाईल तसतशी मर्यादाच उरत नाही. पालिकेला हे समजले नव्हते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, कारण तिच्यात हिशेबात कच्चे लोक क्वचितच असत. कदाचित तिने ते समजूनच घेतले. परळचे केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये पालिकेने सुरू केले, ते याच वाटेवरचे पाऊल होते. आणि आज हजारो मुलांना मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती, तमिळ अशा भाषांतून शिकविणाऱ्या पालिकेच्या शाळांचे मूळही बऱ्याच अंशी पोलिसांच्या बिलावरून झालेल्या त्या भांडणात सापडते. शिक्षण सक्तीचे करण्यासाठी पुन्हा कायद्याचीच गरज लागली. विठ्ठलभाई पटेलांनी कायदेकौन्सिलात खासगी सभासद म्हणून मांडलेले विधेयक १९१८ मध्ये मंजूर झाले, ते मुंबईबाहेरील नगरपालिकांसाठी. मुंबई शहरासाठी १९२० चा निराळा कायदा झाला. पुढे विठ्ठलभाई मुंबई पालिकेचेही अध्यक्ष झाले, म्हणजे दोन सभागृहांत एकच माणूस हा जुना योग पुन्हा एकदा जुळून आला.

सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे प्रकरण येथे दोन वाक्यांत आटोपतो, कारण त्यात मागणीपेक्षा मानभंग अधिक आहे. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारने १८९८ साली गलिच्छ वस्त्या हटवून रस्ते काढण्याचे काम पालिकेला डावलून एका स्वतंत्र ट्रस्टकडे दिले, आणि तो ट्रस्ट पालिकेत विलीन करा हे मागणे मान्य व्हावयास १९३३ साल उजाडले.

१९५७ पर्यंतच्या इतर सुधारणा भराभर आल्या, आणि त्यांपैकी बहुतेकांमागे पालिकेच्या मागणीपेक्षा देशातील राजकारणाचा रेटा मोठा होता. १९२२ च्या कायद्याने मताधिकार दरमहा दहा रुपये भाडे देणाऱ्या भाडेकरूपर्यंत उतरला आणि सभासदसंख्या एकशे सहा झाली. पुढच्याच वर्षी सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या स्त्रिया पालिकेत दिसू लागल्या. १९३१ मध्ये अध्यक्षाचा महापौर झाला. प्रौढ मतदानाची तरतूद १९३८ ची, पण त्यानुसार निवडणूक व्हावयास १९४८ उजाडले, कारण मध्यंतरी महायुद्ध होते. १९५० आणि १९५७ मध्ये हद्द वाढून ती दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. मॉन्टफर्ड सुधारणांनंतर स्थानिक स्वराज्य हा विषय लोकनियुक्त मंत्र्याकडे गेला होता, आणि स्वातंत्र्यानंतर तर मागणी करणारेही आपले आणि देणारेही आपलेच झाले. त्यामुळे मागणे सोपे झाले असेल, असे कोणी समजेल. घडले ते काहीसे विपरीत. परकी सरकारशी भांडताना पालिका एकजुटीने भांडे. स्वकीय सरकारशी भांडायचे तर सभागृहातील निम्मी मंडळी त्या सरकारच्याच पक्षाची निघत.

याचे सर्वांत दीर्घ उदाहरण घरभाड्याचे आहे. पालिकेची मालमत्तापट्टी घराच्या वार्षिक भाड्याच्या अंदाजावर, म्हणजे करपात्र मूल्यावर बसे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बहुसंख्य घरांचे प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले; हा कायदा भाडेकरूंच्या हिताचा होता आणि त्या वेळी आवश्यकही होता, पण त्यामुळे पालिकेच्या मुख्य उत्पन्नाचा पाया विधिमंडळाने न विचारताच बांधून टाकला. कलकत्त्याच्या एका खटल्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणभाड्यापलीकडे करमूल्य धरता येत नाही असा निर्णय दिला, तेव्हा उरलीसुरली फटही बुजली. गिरगावातील प्रशस्त खोल्यांची पट्टी उपनगरातील नव्या, लहान घरापेक्षा कमी, असा विपर्यास त्यातून उत्पन्न झाला. भाड्याऐवजी मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर पट्टी बसविण्याची कल्पना नवी नव्हती; पण ती कायद्यात यावयास एकविसावे शतक उजाडले, आणि अंमल १ एप्रिल २०१० पासूनचा धरला गेला. मागणीत दोष होता असे नव्हे. जुन्या चाळींतील मतदार आणि त्यांच्या मतांवर निवडून येणारे दोन्ही सभागृहांतील प्रतिनिधी हे एकच होते, आणि आपल्याच मतदाराची पट्टी वाढविणाऱ्या विधेयकाला अग्रक्रम देणारा लोकप्रतिनिधी दुर्मीळ.

आता पालिकेत मागणी सिद्ध होते ती कशी, हे सांगितल्याशिवाय हा वृत्तान्त पुरा होणार नाही. नगरसेवक ठरावाची सूचना देतो. ती सभागृहात मंजूर झाली, की आयुक्तांच्या अभिप्रायासाठी जाते. विषय पालिकेच्या अधिकारातला असेल तर खाते काय करणार ते अभिप्रायात येते. कायद्यात दुरुस्ती लागत असेल तर शासनाकडे तसे कळविले जाते, अथवा ते योग्य होणार नाही असे सविनय सांगितले जाते, आणि प्रस्ताव दप्तरी दाखल होतो. काही विषय विधी समितीमार्फत वाट चालतात. पुतळे, चौकांची नावे, पट्टीतील सवलती, प्रवाशांची गैरसोय, फेरीवाले, असे नाना विषय या एकाच अरुंद दारातून जात असल्याने, सूचनांची संख्या पुष्कळ आणि कायद्यात रूपांतर झालेल्या सूचना मोजक्या, हे ओघाने आलेच. आयुक्त शासनाचा अधिकारी आहे, हेही विसरता कामा नये. फिरोजशहांनी १८७१ मध्ये ज्याची पाठराखण केली तो समर्थ कमिशनर शहराच्या मागणीवर पहिला शेरा मारतो, आणि तो शेरा मारताना त्याला आपली पुढची बदली कोणाच्या सहीने व्हावयाची आहे हे ठाऊक असते.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत अठरा विषयांची यादी जोडली. परंतु त्या विषयांचे अधिकार पालिकांना द्यावेत की नाही, हे ठरविणे राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर सोडले. राज्य वित्त आयोग दर पाच वर्षांनी नेमण्याच्या तरतुदीने मागण्यांना एक पंचवार्षिक वेळापत्रक मात्र लाभले. मध्यंतरी, १९९८ च्या सुमारास, महापौर-परिषदेचा प्रयोग करून कार्यकारी अधिकार निवडून आलेल्यांकडे देण्याचा यत्न झाला आणि थोड्याच अवधीत तो गुंडाळला गेला. मग १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. जकात हे पालिकेच्या उत्पन्नाचे सर्वांत मोठे आणि तिच्या स्वतःच्या नाक्यांवर रोखीने जमणारे साधन होते. तिच्या जागी राज्याने नुकसानभरपाईचा कायदा करून मासिक हप्ता देण्याची हमी घेतली. १९०७ मध्ये ज्याचा अधिकार त्याचा खर्च हे सूत्र शहराने जिंकले होते. एकशे दहा वर्षांनी शहराचा खर्च शहराकडे राहिला, आणि उत्पन्नाची कळ मंत्रालयात गेली. हा कायदा पालिकेने मागितलेला नव्हता. हप्ता वेळेवर यावा आणि त्यात दरवर्षी वाढ व्हावी, एवढे कायद्यात लिहून घेण्यापुरतेच तिला बोलावयास वाव होता, आणि तेवढे तिने साधले.

त्याच वर्षी पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्तापट्टी माफ करावी असा ठराव पालिकेने केला. पट्टी पालिकेची, तूट पालिकेची, तरीही माफीसाठी कायदा राज्याचा हवा. २०१९ मध्ये राज्याने ती माफी पट्टीच्या सर्वसाधारण करापुरती दिली, आणि संपूर्ण माफी २०२२ च्या आरंभी, पालिकेची मुदत संपण्यास दोनएक महिने उरले असताना, जाहीर झाली. शहराने आपल्याच तिजोरीतून काही कमी करण्याची परवानगी मागावी आणि ती हप्त्याहप्त्याने मिळावी, असे उदाहरण फिरोजशहांच्या काळात सापडत नाही. तेव्हाचे सरकार पालिकेला खर्च लादण्यात कुशल होते, औदार्य लादण्याची युक्ती त्याला सुचली नव्हती.

१८९३ ची ती एक जागा अजूनही एका अर्थाने शिल्लक आहे. विधानपरिषदेत स्थानिक प्राधिकाऱ्यांच्या मतदारसंघातून मुंबईचे नगरसेवक दोन सभासद निवडून पाठवतात. पालिकेने मंजूर केलेल्या ठरावांची यादी हाती घेऊन त्या दोघांनी विधिमंडळात जावे, असा कोणताही नियम नाही, आणि तसा संकेतही रुजला नाही; ते पक्षाच्या आदेशाने निवडून येतात आणि पक्षाच्या आदेशाने मत देतात. ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुढची काही वर्षे निवडणूक झाली नाही आणि पालिकेचे, स्थायी समितीचे व इतर समित्यांचे सर्व अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या प्रशासकाकडे गेले. त्या अवधीत शहराचे अंदाजपत्रक त्याच प्रशासकाने मांडले आणि त्यानेच मंजूर केले, आणि शासनाकडे जावयाचे ठरावही त्याच्याच सहीने गेले.